तिसरा क्लच

आमच्या पालीत ‘क्लच’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. (पाली म्हणजे रत्नागिरी तालुक्यातली बरं का. बल्लाळेश्वराची पाली रायगड जिल्ह्यात, ती वेगळी. नव्या वाचकांसाठी हे दर वेळी सांगावे लागते!) मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता इथे फुटतो आणि नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतो. त्यामुळे तिठ्यावर चहा प्यायला बसले की शेजारच्या बाकावरून ‘क्लचप्लेट गेली’, ‘घाटात हाफ क्लचवर काढली’, ‘क्लच स्लिप मारतोय’ अशी वाक्ये कानावर पडतातच. एखाद्याचे लग्न ठरता ठरत नसले तर ‘तो अजून हाफ क्लचवर आहे’ असे म्हणणारे महाभागही आमच्याकडे आहेत.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. यंत्रांशी माझा संबंध सायकलची उतरलेली चेन चढवण्यापुरता. तरी आजचे लिखाण क्लचवर आहे, कारण गेल्या फेब्रुवारीत एका क्लचने आमच्या सगळ्या घराची झोप उडवली होती. नातेवाईक मंडळींनी त्यातले तुकडे फोनवर ऐकले आहेत. कुणाला वाटते पुतण्याच्या मोटारीचा अपघात झाला, कुणाला वाटते त्याचा धंदा बुडाला. दोन्ही खरे नाही. म्हणून एकदा सगळे नीट लिहून ठेवतो.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. नोकरी सुटल्यावर त्याने दुसऱ्याची नोकरी शोधण्यापेक्षा गालिचे धुण्याचा व्यवसाय घेतला. आपल्याला हे ऐकायला गमतीचे वाटते. आपल्याकडे शेणाने सारवलेली जमीन होती, मग कोबा आला, मग लादी आली. सतरंजी मळली तर व्हाळावर नेऊन आपटायची. तिकडे घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवूनच टाकलेला असतो. तो उचलून नेता येत नाही. मग धुण्याची सगळी यंत्रणाच दारात न्यावी लागते. त्यासाठी एक बंद टेम्पोसारखी गाडी, तिला ते व्हॅन म्हणतात, आणि तिच्या पोटात पाण्याचा पंप, पाणी तापवण्याची सोय, घाण पाण्याची टाकी आणि हवा ओढणारा एक दणकट ब्लोअर. दारात गाडी उभी करायची, लांब नळ्या घरात न्यायच्या, गरम पाणी जोराने गालिच्यावर फवारायचे आणि लगेच ते मळासकट ओढून घ्यायचे. काही गाड्यांत या यंत्रांना स्वतंत्र इंजिन असते. काहींत गाडीचेच इंजिन ही यंत्रे फिरवते. पुतण्याची गाडी दुसऱ्या प्रकारची, आणि तीही वापरलेली घेतलेली.

ती घेण्यासाठी माझ्या भावाने आपल्या प्रॉव्हिडंट फंडातले पैसे दिले होते. बायकोला न विचारता दिले, हे त्याने मला नंतर सांगितले. तेव्हा त्या गाडीत एका कुटुंबाचे पोट होते आणि दुसऱ्या कुटुंबाचे म्हातारपण.

दीड वर्षात त्या गाडीचे दोन क्लच गेले. फेब्रुवारीत तिसराही घसरायला लागला. तिथल्या दुरुस्तीच्या दुकानाने तिन्ही वेळा एकच सांगितले, की हा झिजणारा भाग आहे, झिजला की बदलायचा. क्लचची किंमत होतीच, पण त्याहून महाग पडत होते बुडालेले दिवस. आधी ठरलेले गिऱ्हाईक एकदा परत गेले की पुन्हा येत नाही. “काका, गाडी विकून टाकावी असं वाटतंय,” असे तो मला फोनवर म्हणाला. वडिलांना सांगायची त्याची हिंमत नव्हती.

आता क्लच म्हणजे काय, ते माझ्यासारख्याच मंडळींसाठी सांगतो. माझ्या लहानपणी गावात भाताची गिरणी होती. एका बाजूला तेलाचे इंजिन, पुक पुक करणारे. त्याच्या पट्ट्याने एक लांब दांडा फिरे आणि त्या दांड्यावरून दुसरा पट्टा गिरणीकडे जाई. गिरणीच्या बाजूला दोन चाके शेजारी शेजारी असत, एक दांड्याला पक्के बसवलेले आणि एक सुटे. इंजिन चालू करताना पट्टा सुट्या चाकावर ठेवायचा. चाक फिरे, गिरणी थांबलेली. इंजिनाने नीट वेग घेतला की गिरणीवाला लाकडी दांडक्याने पट्टा हळूच पक्क्या चाकावर सरकवी आणि मग गिरणी घरघर करत सुरू होई. पट्टा सरकवतानाचा तो क्षण महत्त्वाचा. इंजिन वेगात, गिरणी थांबलेली, दोघांना एका चालीवर आणायचे. तेवढ्या वेळात पट्टा थोडा घसरतो आणि थोडा तापतो. तसा तो घसरला नाही तर काहीतरी मोडेल.

क्लचचे काम हेच. चालत्याला थांबलेल्याशी जोडायचे आणि दोघांच्या चालीतला फरक आपल्या अंगावर झेलायचा. एकदा दोघांची चाल जुळली की तो घसरत नाही, आणि घसरत नाही तोवर जवळजवळ झिजतही नाही. आंबा घाटात एकच क्लच एका ड्रायव्हरच्या हातात वर्षानुवर्षे टिकतो आणि दुसऱ्याच्या हातात लवकर जळतो, याचे कारण हेच. दोघेही तेवढाच घाट चढतात. पण एकजण वळणावर पाय पेडलवर अर्धवट दाबून ठेवतो. क्लच ना धड जोडलेला, ना धड सुटलेला. चढाने तो झिजत नाही, या अर्धवटपणाने झिजतो. वास आधी मागच्या सीटवरच्या प्रवाशाला येतो, असे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर सांगत असत.

पुतण्याच्या गाडीतला क्लच मात्र पायाने दाबायचा नव्हे. तो विजेवर चालतो. मोटारीच्या एसीचा कॉम्प्रेसर ज्या क्लचने जोडला जातो तसाच, फक्त जास्त ताकदीचा. आमचे गॅरेजवाले त्याला ‘मॅग्नेट क्लच’ म्हणतात. त्याचे मुख्य भाग तीन. एक पुली, जिच्यावर पट्टा चढतो आणि जी इंजिनाबरोबर सतत फिरत असते. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेची कॉइल, न फिरणारी. आणि पुलीच्या पुढे, अगदी जवळ पण न टेकता, एक लोखंडी तबकडी, जी ब्लोअरच्या दांड्याला बांधलेली असते. बटण दाबले की कॉइलमध्ये वीज जाते, तिचे चुंबक होते, ते तबकडीला खेचून पुलीवर घट्ट चिकटवते आणि ब्लोअर फिरू लागतो. बटण बंद केले की तबकडीच्या पातळ पट्ट्यांसारख्या स्प्रिंगा तिला पुन्हा मागे ओढतात. तबकडी आणि पुली यांच्यातली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, कंपनीप्रमाणे थोडी कमी-जास्त. वहीच्या चार-पाच पानांची जाडी म्हणा ना.

एवढे ज्ञान मला आले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. शाळेनंतर त्याने रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये धडे घेतले आणि आता पालीत गाड्यांची वायरिंग, बॅटरी, एसी अशी कामे करतो. त्याच्या टपरीवर गेलो आणि पुतण्याची हकीकत सांगितली. त्याने हातातला पाना खाली ठेवला नाही, पण ऐकत होता. मग म्हणाला, “सर, त्याला सांगा, पयला क्लच बघू नको. क्लच ज्याला फिरवतो ते बघ, आणि क्लचला कोण फिरवतंय ते बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तो आमच्या ओटीवर हजर. तिकडे तेव्हा आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले. मोबाइलवर पुतण्या, त्याच्या डोक्याला बांधलेला दिवा, तोंडातून थंडीची वाफ. इकडे ओटीवर आम्ही दोघे आणि चहा. मधे बसून मी दुभाष्याचे काम केले म्हणायला हरकत नाही, कारण पुतण्याला भागांची इंग्रजी नावे ठाऊक आणि ह्याला गॅरेजमधली.

पहिला प्रश्न त्याने विचारला तो बटण केव्हा दाबतोस याचा. इंजिन कामाच्या वेगावर असताना की मंद? पुतण्या म्हणाला, मंद असतानाच. हे बरोबर होते. इंजिन जोरात असताना क्लच लावला तर चालीतला फरक मोठा, घसरणे जास्त, आणि उष्णता तर त्याहून जास्त. ही शंका फिटली.

दुसरा प्रश्न, जुने क्लच कुठे आहेत? नशिबाने दुसरा क्लच त्याने खोक्यात ठेवून दिला होता. कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले. तबकडी निळी-जांभळी पडली होती. लोखंड फार तापले की असा रंग येतो. पण निळेपणा सगळीकडे सारखा होता. एकाच बाजूला असता तर पुली वाकडी बसली आहे किंवा बेअरिंग सैल आहे असे समजायचे. तेलाचा डाग असता तर कुठली तरी सील गळते आहे. दोन्ही नव्हते. म्हणजे तबकडी सरळ बसत होती, पण धरून ठेवू शकत नव्हती. तसे दोनच कारणांनी होते. एकतर जड काम तिच्या आवाक्याबाहेरचे, नाहीतर तिला धरणारे चुंबक कमजोर.

“इंजिन बंद कर, किल्ली काढून खिशात घाल, आणि ब्लोअर हाताने फिरव,” असे सांगितले. किल्ली खिशात घालण्याचे त्याने दोनदा सांगितले, ते मला फार आवडले. ब्लोअर फिरला, पण एका जागी अडखळला. तिथून पुढे न्यायला पुतण्याला दोन्ही हात लावावे लागले.

इथे ब्लोअरबद्दल थोडे सांगायला हवे. त्याच्या पोटात इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचे दोन जाड गोळे असतात, एकमेकांत गुंतून उलट दिशांना फिरणारे. गंमत अशी की ते एकमेकांना स्पर्श करत नाहीत. मधे केसाएवढी फट असते आणि त्या फटीवरच सगळे काम चालते. हे यंत्र रूट्स या दोन भावांचे. ओहायोच्या शेजारच्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल येथे त्यांची लोकरीची गिरणी होती. गिरणीसाठी चांगले पाणचक्र करायच्या खटपटीत त्यांना हवा ढकलणारे यंत्र सापडले आणि १८६० साली त्यांनी पेटंट घेतले. लोकरीच्या गिरणीत जन्मलेले यंत्र आज शेजारच्या राज्यात गालिचे धुते आहे, हा योगायोग मला मोठा गोड वाटला. पुतण्याला तेव्हा तो गोड वाटण्याची परिस्थिती नव्हती. असो.

तर त्या केसाएवढ्या फटीत गंज शिरला होता. गालिच्यातल्या साबणाचा फेस घाण पाण्याच्या टाकीतून वर येऊन ब्लोअरमध्ये शिरतो. दमट हवा तर रोजच जाते. म्हणून दिवसाचे काम संपले की ब्लोअरमध्ये थोडे तेल फवारून त्याला क्षणभर फिरवायचे असते, म्हणजे आतल्या ओल्या लोखंडावर तेलाचा थर बसतो. पुतण्याला हे माहीत होते. उन्हाळ्यात तो ते करीतही असे. थंडीत रात्री आठ वाजता, बोटे बधिर झालेली असताना, ते ‘उद्या करू’ वर जायचे. रात्रभर ओला ब्लोअर गंज धरायचा आणि सकाळी बटण दाबले की तो गंज तोडून पहिला फेरा काढायचे काम क्लचला करावे लागायचे. रोज सकाळी एकदा. दोनच सेकंद, पण ती दोन सेकंदे तबकडी पुलीवर घासत राहायची.

मला वाटले, झाले, कारण सापडले. पण आमचा विद्यार्थी उठला नाही. “एवढ्यानं क्लच आठ म्हैन्यात जळत नाय,” असे म्हणून त्याने मल्टिमीटर आणायला सांगितले.

मल्टिमीटर हे वीज मोजायचे साधन. इंजिन चालू, क्लच लावलेला, अशा स्थितीत आधी बॅटरीवर मोजले. १४ व्होल्ट. चालत्या गाडीत एवढे असायला हवेत. मग क्लचच्या कॉइलच्या दोन टोकांत मोजले. साडेअकरा. मधले अडीच व्होल्ट कुठे गेले? क्लच बंद करून मोजले असते तर हा फरक दिसलाच नसता, कारण वीज वाहत नसताना गळती कळत नाही. पाणी चालू असल्याशिवाय नळीतला अडथळा कळत नाही तसेच. मग एक टोक बॅटरीच्या वजा खुंटीला आणि दुसरे कॉइलच्या परतीच्या तारेला लावले. तिथे शून्याच्या जवळ आकडा यायला हवा होता. आला सव्वादोनच्या वर.

“अर्थिंग,” तो म्हणाला. “ती तार गाडीच्या सांगाड्याला कुठं बोल्टनं बांधलीय, तिथं जा.”

पुतण्या गाडीखाली शिरला. मोबाइलच्या उजेडात तो सांधा दिसला. पांढरट-हिरव्या खारटलेल्या कवचाखाली बोल्ट जवळजवळ दिसेनासा झाला होता. आणि आमच्या ओटीवर बसलेला हा माणूस, जो बेळगावच्या पलीकडे कधी गेलेला नाही, बघता क्षणी म्हणाला, “सर, ही तर मिऱ्यावरची गाडी!”

रत्नागिरीचे मिऱ्या बंदर आपल्याला माहीत आहे. समुद्राला लागून राहणाऱ्यांच्या गाड्या खालून कशा खातात, हेही माहीत आहे. मिरकरवाड्यातून मासळी नेणाऱ्या टेम्पोंचे तर विचारू नका. बर्फाचे खारट पाणी वरून ठिबकते आणि खारा वारा बाजूने. आमच्या विद्यार्थ्याच्या टपरीवर येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी तक्रारींचे मूळ अशाच एखाद्या खाल्लेल्या सांध्यात असते. दिवे मंद, हॉर्न घोगरा, एसी मधेच बंद. पण ओहायोला समुद्र कुठला? आहे ते एरी नावाचे मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. मीठ तिकडे रस्त्यावर असते. हिवाळ्यात बर्फ साचू नये, गाड्या घसरू नयेत, म्हणून सरकारच रस्त्यांवर मीठ टाकते. वितळलेले खारट पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागते आणि तिथेच सुकते. आमच्याकडे जे काम खारा वारा वर्षभर करतो, ते तिकडे हे मीठ चार महिन्यांत उरकते.

अडीच व्होल्टने एवढे काय बिघडते, हे मला कळेना. ते संध्याकाळी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या निवृत्त सहकाऱ्यांनी कागदावर मांडून दाखवले. १४ च्या जागी साडेअकरा म्हणजे कॉइलमधून वाहणारी वीज जवळजवळ १८ टक्क्यांनी कमी. पण चुंबकाची ओढ विजेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ओढ ढोबळमानाने एक तृतीयांशाने कमी झाली. पुढे दुष्टचक्र सुरू होते. ओढ कमी म्हणून तबकडी घसरते. घसरली म्हणून तापते. त्या उष्णतेने शेजारची कॉइल तापते. तांबे तापले की त्यातून वीज जायला आणखी अडचण होते, ओढ आणखी कमी. शिवाय झिजल्यामुळे ती अर्ध्या मिलिमीटरची फट वाढत जाते आणि फट वाढली की चुंबकाला तबकडी लांबून खेचावी लागते. सगळी कारणे एकमेकांचा हात धरून येतात. नवा क्लच बसवला की फट पुन्हा बरोबर होते, काही महिने सगळे ठीक चालते, आणि सगळ्यांना वाटते की दोष जुन्या क्लचचाच होता!

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते हेच. नवा भाग बसवल्यावर गाडी चालली, एवढ्याने जुना भाग दोषी ठरत नाही. नव्याच्या अंगात अजून ताकद असते, म्हणून तो दुसऱ्याचा दोष काही दिवस झाकून घेतो. शाळेत शिकवताना हे मी पाहिलेले आहे. एका वर्गात तीन वर्षे ओळीने इतिहासाचे शिक्षक बदलले, कारण मुलांना इतिहासात मार्क पडत नव्हते. चौथ्या बाईंनी शोधून काढले की मुलांना धडा वाचताच येत नाही. बदली झालेले तिघेही बरे शिक्षक होते.

आता प्रत्यक्ष बदलण्याबद्दल. पुतण्याने ते त्या शनिवारी स्वतः केले, इकडून हा सांगत होता. पण त्याआधी तीन दिवस गेले ते क्लचला हात न लावता. ब्लोअरमध्ये गंज सोडवणारे तेल मारून, हाताने फिरवून, पुन्हा मारून तो मोकळा केला. चौथ्या वेळी तो एका हाताने सबंध फिरला. अर्थिंगचा सांधा सोडून, दोन्हीकडचे लोखंड चकचकीत होईपर्यंत घासून, नवे टोक लावून पुन्हा आवळले आणि वरून ग्रीसचा लेप दिला. पट्टा ताणून पाहिला. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही ते सरळ पट्टी लावून पाहिले.

मग क्लच. बॅटरीची तार काढली. पट्टा उतरवला. मधला बोल्ट सोडून पुढची तबकडी पुलरने ओढून काढली. तिच्या मागे पातळ वॉशर असतात, नखाएवढ्या जाडीचे. “ते हरवू नको, सगळा खेळ त्यांचा आहे,” असे इकडून तीनदा ओरडून झाले. मग सर्क्लिप, पुली, पुन्हा सर्क्लिप, आणि शेवटी कॉइल. काढलेली पुली हातात धरून फिरवली तर बेअरिंगमधून वाळू दळल्यासारखा आवाज आला. तेही तापून गेले होते.

नवा बसवताना क्रम उलटा. कॉइलला एक छोटी खुंटी असते, ती तिच्या खाचेत बसली पाहिजे, नाहीतर कॉइल वाकडी बसून पुलीला घासते. तबकडी बसवून बोल्ट आवळला की फट मोजायची. फीलर गेजची पाती तीन ठिकाणी घालून पाहायची. तिन्हीकडे सारखी हवी आणि कंपनीने सांगितलेल्या मापात हवी. जास्त असेल तर एक वॉशर काढायचा, कमी असेल तर घालायचा. पुतण्याच्या हातून हे दुसऱ्या फेरीत जमले. मग पुली हाताने फिरवून ती कुठे घासत नाही ना, ते कान लावून ऐकायचे.

शेवटचे काम असे की नव्या क्लचला लगेच जड कामाला जुंपायचे नाही. नव्या तबकडीचा आणि पुलीचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसला तरी तो एकमेकांना सगळीकडे टेकत नसतो. इंजिन मंद ठेवून, नळी मोकळी ठेवून, क्लच लावायचा, सोडायचा, थोडे थांबायचे, पुन्हा लावायचा. कंपनी सांगेल तितक्या वेळा. त्याने दोघांचे उंचवटे घासून पृष्ठभाग जुळतात आणि पकड पूर्ण होते. नव्या बैलाला आधी रिकामा नांगर ओढायला लावतात, तेच हे. दुकानात दोन्ही वेळा हे कुणी केले होते की नाही, कोण जाणे.

कॉइलवर पुन्हा मोजले तेव्हा तेरा पॉइंट आठ आले. पुतण्याने आकडा वाचला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. आमचा विद्यार्थी म्हणाला, “बास. आता रोजचं तेल चुकवू नको. आणि थंडीत पंपात पाणी ठेवू नको, गोठलं तर क्लच बिचारा बर्फ फिरवत बसेल.”

त्यानंतर पुतण्याने दोन गोष्टी केल्या. गाडीच्या दाराच्या आत एक वही टांगली. रोज रात्री ब्लोअरला तेल दिले की तारीख लिहायची, थंडी असो की पाऊस. दर महिन्याला एकदा कॉइलवरचे व्होल्ट मोजून तेही लिहायचे. मला तो अधूनमधून त्या वहीचा फोटो पाठवतो, माझ्या हाताखाली गृहपाठ तपासायला देतात तसा. दुसरी गोष्ट, त्याने वडिलांना सगळे सांगितले. भावाने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की अर्थिंगची तार कितीला आली. किंमत ऐकून तो हसला, आणि मग आत जाऊन फंडाच्या पैशांचेही बायकोला सांगून टाकले. तिला ते आधीपासून ठाऊक होते, हा भाग वेगळा.

जाता जाता, ज्यांच्याकडे मोटारी आहेत अशा मंडळींसाठी चार गोष्टी आमच्या विद्यार्थ्याच्या वतीने सांगतो. आपल्या मोटारीच्या एसीत हाच क्लच बहुधा असतो. पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवा, म्हणजे आतल्या सिलांना तेल मिळत राहते. महामार्गाच्या चौपदरीकरणात आमच्या बाजूला जी लाल धूळ उडाली, तिने कितीतरी गाड्यांच्या एसीची पुढची जाळी भरून गेली. जाळी भरली की आतला दाब वाढतो आणि तो भार शेवटी क्लचवर येतो, तेव्हा ती पाण्याने हलक्या हाताने धुऊन घ्या. एसी सारखा लागत-सुटत टकटक करत असेल तर गॅस कमी झाला असेल. दुर्लक्ष करू नका, दर टकटकीला तबकडी थोडी झिजते.

आणि गॅरेजवाल्याने ‘क्लच बदलावा लागेल’ असे सांगितले तर जरूर बदला, पण आधी त्याला विचारा, हा गेला कशाने? उत्तर देणारा माणूस मिळाला तर गॅरेज बदलू नका. काढलेला जुना क्लचही मागून घ्या, तो तुमच्याच पैशांचा आहे. घरी आणून उजेडात धरा. निळा पडला आहे का, एकाच बाजूने घासला आहे का, तेलकट आहे का, एवढे तर माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही आता वाचता येते.